काचेच्या पाटीचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही एकच शब्द कळवला : टॅबलेट. चार दिवसांनी चिटणीसांचा निरोप आला की, आरोग्यावरचे व्याख्यान यंदा एका डॉक्टरसाहेबांकडे दिलेले आहे, आपण कामगार चळवळीवर बोललात तर बरे होईल. चूक त्यांची म्हणता यायची नाही. टॅबलेट म्हटले की कारखान्यातल्या माणसालाही अंगदुखीची गोळीच आठवते. तेव्हा आरंभीच खुलासा करतो. आम्ही बोलणार आहोत ते काचेच्या त्या पाटीविषयी, जिच्यावर आपली नातवंडे बोटे फिरवतात आणि जी घेतली म्हणजे लॅपटॉपची गरज राहत नाही असे दुकानदार सांगतो. चळवळीवर बोलण्याची चिटणीसांची सूचनाही आम्ही मोडलेली नाही, हे तास संपेपर्यंत आपल्या ध्यानात येईल.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीला थांबले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. कचेरीत गोदरेजचे मराठी टंकलेखन यंत्र होते. त्यावर आम्ही बोटे वळवली. मेणकागदाच्या स्टेन्सिली कापल्या, सायक्लोस्टाइलची शाई सदऱ्याला लावून घेऊन घरची बोलणी खाल्ली. मग संगणक आला, मग लॅपटॉप आला. दोन वर्षांपूर्वी तो लॅपटॉप कायमचा मिटला. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आमच्या खजिनदारांनी आपली वहीही मिटली. योगायोग असा की, त्याच सुमारास एका कारखान्यातल्या सभासदांनी वर्गणी काढून आम्हांला टॅबलेट भेट दिला होता. 'आता हाच तुमचा लॅपटॉप' असे समारंभात टाळ्यांच्या गजरात सांगण्यात आले. टाळ्या वाजल्या म्हणजे ठराव मंजूर, अशी आमच्यात पद्धत आहे. तेव्हापासून पत्रे, मागणीपत्रके, हिशेब, निकालपत्रांचे वाचन हे सर्व आम्ही त्या पाटीवर करीत आलो. ती कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. ह्या सर्व पाट्यांचे गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच आहेत.

ही पाटी लॅपटॉपची जागा घेऊ शकते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर लोक यंत्राच्या अंगाने देतात : वेग किती, वजन किती, एकदा भारली की किती तास चालते. आम्ही इतिहासाच्या अंगाने पाहू लागलो, कारण युनियनच्या माणसाला कोणतीही वस्तू दिसली की ती कोणी कोणाच्या कामासाठी घडवली हे विचारण्याची खोड असते. आणि मौज अशी की, ह्या पाटीला जन्मदाते एकाहून अधिक आहेत आणि त्यांचे आपसांत मुळीच पटत नाही.

पहिला जन्म कागदावर झाला. अमेरिकेत ॲलन के नावाचे एक तरुण संगणकशास्त्रज्ञ होते. १९६८ साली ते सेमूर पॅपर्ट ह्या गणितज्ञाला भेटले आणि त्यांच्याकडची लहान मुले संगणकाला स्वतः आज्ञा लिहून देताना त्यांनी पाहिली. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर कपाटे. हे यंत्र मुलाच्या काखेत मावेल असे झाले तर, ही कल्पना के ह्यांच्या मनात घर करून बसली. त्यांनी पुठ्ठ्याचा नमुना केला आणि किती वजन हाताला सोसवते हे पाहण्यासाठी त्यात शिशाचे छर्रे भरून पाहिले! आम्हांला हा प्रसंग फार आवडतो. सुतार रंध्याची मूठ अशीच हातात तोलून बघतो. १९७२ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत असताना त्यांनी आपली योजना निबंधरूपाने मांडली. ह्या कल्पित यंत्राचे नाव डायनाबुक. वजन चार पौंडांच्या आत, किंमत पाचशे डॉलरच्या आसपास असावी असा त्यांचा हिशेब होता. चित्रात दोन मुले गवतावर बसली आहेत आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक पाटी आहे. ह्या चित्रात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच : पाटीच्या खालच्या भागात अक्षरांच्या कळा आहेत. मुलाने वाचावे, चित्र काढावे, आणि यंत्राला नवे काम स्वतः लिहून शिकवावे अशी अपेक्षा होती. आमच्या आजोबांच्या धूळपाटीसारखेच हे. तिच्यावर गिरवणारा आणि पुसणारा एकच असे.

ते यंत्र त्या वेळी बनवता येण्याजोगे नव्हते. १९७३ साली त्याच संशोधनशाळेत आल्टो नावाचा संगणक झाला. त्याला के ह्यांची मंडळी तात्पुरते डायनाबुक म्हणत. पण तो काखेत घेण्याचा नव्हे, टेबलाखाली ठेवण्याचा होता.

दुसरा जन्म बाजारात झाला, आणि तो आमच्या धंद्याशी अधिक जवळचा आहे. ग्रिड नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८२ साली ग्रिड कंपास हा संगणक विकायला काढला. बिल मॉग्रिज ह्यांनी त्याला शिंपल्यासारखे उघडणारे झाकण दिले. आजच्या लॅपटॉपचे रूप तेथून चालत आलेले आहे. किंमत आठ हजार डॉलरच्या वर. अवकाशयानातून तो अंतराळातही जाऊन आला. ह्याच कंपनीने पुढे १९८९ साली ग्रिडपॅड काढला : झाकण नाही, कळा नाहीत, नुसती काच आणि एक लेखणी, वजन सुमारे दोन किलो. म्हणजे लॅपटॉप आणि ही पाटी ही दोन्ही भावंडे एकाच घरची. ज्याला बसायला खुर्ची आहे त्याला थोरले दिले, आणि उभ्याने फिरून चौकोन भरणाऱ्या माणसाला धाकटे. लिहिणे साहेबाकडे, खूण करणे फिरत्या नोकराकडे, ही वाटणी तेथेच झाली. १९९१ साली यूपीएस ह्या पार्सल कंपनीने आपल्या ड्रायव्हरांच्या हाती अशीच एक विजेची पाटी दिली. गिऱ्हाइकाची सही तीवर घ्यायची. प्रश्न तयार, चौकोन तयार. ड्रायव्हरने भर तेवढी घालावी.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल हजारोंच्या संख्येने परत केले. ते मोबाईल होते, टॅबलेट नव्हेत, पण जात तीच. यंत्र जुने झालेले, अडकणारे, आणि ज्यात माहिती भरायची तो कार्यक्रम इंग्रजीत. ज्या बाईने गावातल्या मुलांची वजने वर्षानुवर्षे मराठीत रजिस्टरात लिहिली, तिला परक्या भाषेतल्या चौकोनांपुढे बसवले. ते परत करणे हा यंत्राचा द्वेष नव्हता. आमच्या भाषेत द्या, चालेल असे द्या, अशी ती मागणी होती.

नव्वदीच्या दशकाकडे आम्ही भरभर जातो, कारण तेथे अपयशांचीच रांग आहे. १९९३ साली ॲपलने न्यूटन काढला, किंमत सातशे डॉलरला एक कमी. हाताने लिहा, यंत्र वाचील, असे वचन होते. यंत्राने वाचले ते असे की, गॅरी ट्रुडो ह्यांनी आपल्या व्यंगचित्रमालेत त्याची रेवडी उडवली आणि ती थट्टा यंत्राला शेवटपर्यंत चिकटली. १९९७ साली त्याच न्यूटनला कळा आणि झाकण लावून ईमेट नावाने शाळांसाठी विकण्यात आले. पाटीला लॅपटॉप करण्याचा हा एक प्रांजळ प्रयत्न. १९९८च्या फेब्रुवारीत स्टीव्ह जॉब्स ह्यांनी दोन्ही बंद केले. नंतर मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स पुढे आले. पाच वर्षांत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा संगणक पाटीच्याच रूपाचा असेल असे त्यांनी २००१ साली जाहीर केले. नोव्हेंबर २००२ मध्ये तो माल बाजारात आला. पाच वर्षे गेली, भविष्य खरे ठरले नाही. टेबलावरच्या उंदरासाठी आखलेला कारभार लेखणीच्या टोकाने चालवायचा, वर किंमत जास्त. असे कोण घेणार?

आपल्या देशातही ह्या पाटीचा एक मानी प्रयत्न झाला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एका स्थानिक कंपनीच्या मंडळींनी मिळून सिम्प्युटर घडवला. साधा, स्वस्त आणि अनेक भाषांत बोलणारा हा त्यामागचा हेतू. तो २००२ साली लोकांपुढे आला. एकच यंत्र गावातल्या अनेकांनी आपापले कार्ड घालून वापरावे ही त्यातली कल्पना आम्हांला आजही मोलाची वाटते. धंदा म्हणून मात्र तो उभा राहू शकला नाही.

मग २०११चे पावसाळ्याअखेरचे दिवस आले. १५ सप्टेंबरला तामिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. तीन आठवडेही झाले नव्हते तोच ५ ऑक्टोबरला दिल्लीत कपिल सिब्बल ह्यांनी 'आकाश' टॅबलेट जाहीर केला. सात इंचांची काच, सरकारला पडणारी किंमत अडीच हजार रुपयांच्या आत. जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. बोट जोराने दाबल्याखेरीज त्या काचेला स्पर्श कळत नसे. पुढे पवईच्या आयआयटीने त्या कामात हात घातला, २०१२ साली सुधारलेली आवृत्ती आली, पण योजना काही वर्षांतच विरून गेली. आमच्या कार्यकर्त्यांमध्ये तेव्हा वाद झाला होता. काही म्हणत, तामिळनाडू पैसे उधळतो आहे. गरिबाच्या मुलाला पाटी पुरे. गरिबाच्या मुलाला पुरे हे शब्द ऐकले की आमचे कान उभे राहतात. आपल्या मुलाला पुरे की नाही हे त्यातल्या एकानेही सांगितले नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. २००७ साली आयफोन आला तेव्हा ॲलन के ह्यांनी जॉब्स ह्यांना सुचवले होते की, ह्याचा पडदा पाच बाय आठ इंच करा, जग तुमचे होईल. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावर जॉब्स आयपॅड घेऊन आले. ते काय करून बसले पाहा : आरामखुर्चीत टेकून बसले आणि पाटीवर वर्तमानपत्र वाचून दाखवले. सारी कथा त्या खुर्चीत आहे. के ह्यांची मुले गवतावर बसून काही तरी घडवीत होती. हा गृहस्थ दिवसाचे काम आटोपून विसावलेला होता. कळा जोडलेले एक बसके त्याच दिवशी विक्रीला जाहीर झाले होते हे खरे, पण ते वेगळे आणि वेगळ्या पैशांत. आणि नवे यंत्र सुरू करायचे तर आधी ते तारेने दुसऱ्या संगणकाला जोडावे लागे! संगणकाची जागा घ्यायला निघालेल्या पाटीला संगणकाच्या सहीवाचून कामावर रुजू होता येत नव्हते. ते जोखड २०११च्या ऑक्टोबरात गेले. आपल्या देशात आयपॅड त्याच वर्षीच्या जानेवारीत पोचला होता.

२०१०च्या एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट घडली. तिची फारशी चर्चा आपल्याकडे झाली नाही. स्क्रॅच नावाची मुलांची भाषा आहे. तीत मुले स्वतः लिहिलेल्या आज्ञांनी खेळ आणि गोष्टी घडवतात. त्या पाहण्याचा कार्यक्रम ॲपलने आपल्या दुकानातून काढून टाकला. नियमात बसत नाही, एवढेच कारण. ज्या पाटीची कल्पना मुलांनी घडवावे म्हणून निघाली, तीवर मुलांनी घडवलेले दाखवायला बंदी. मुलाने पाटीवरच पूर्ण कार्यक्रम लिहून दुकानात पाठवावा ही सोय त्याच कंपनीने दिली, पण ती २०२१ साली.

ह्यानंतरची पंधरा वर्षे आम्ही वाचू लागलो तेव्हा आम्हांला हसू आले, कारण तो इतिहास हुबेहूब मागणीपत्रकासारखा दिसतो. वापरणारे मागतात, मालक म्हणतो गरज काय, आणि दर दोन वर्षांनी एकेक कलम मान्य होते. दोन कामे शेजारी शेजारी उघडू द्या : २०१५. आमचे कागद आम्हांला एका जागी दिसू द्या : २०१७. पेनड्राइव्ह लावू द्या : २०१९. उंदीर चालू द्या : मार्च २०२०. खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करू द्या आणि वर आज्ञांची पट्टी द्या : सप्टेंबर २०२५. ह्यातले प्रत्येक कलम लॅपटॉपवाल्याला जन्मजात मिळालेले होते. सॅमसंगने २०१८ साली आपल्या मोठ्या पाटीत खिडक्यांचा कारभार आधीच आणला होता हे नमूद करणे न्यायाचे आहे. आणि मधल्या काळात, २०१७च्या अखेरीस, ॲपलची एक जाहिरात आली. एक मुलगी दिवसभर पाटीवर कामे करते. शेजारीण विचारते, संगणकावर काय करतेस? मुलगी उलट विचारते, संगणक म्हणजे काय? प्रश्न झकास होता. पण त्या वेळी तिला पेनड्राइव्ह लावता येत नव्हता.

मायक्रोसॉफ्टने उलटी वाट धरली. २०१२च्या ऑक्टोबरात सर्फेस आला. तो पाठीला टेकू असलेला, पुढे कळांचे आवरण चिकटवण्याजोगा होता. ते आवरणही वेगळे विकत घ्यायचे. पहिला माल इतका पडून राहिला की, पुढच्या वर्षी कंपनीला नव्वद कोटी डॉलरचे नुकसान वहीत मांडावे लागले. २०१४ साली तिसरी आवृत्ती आली ती, लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट, ह्याच घोषणेने. पण कळा वेगळ्याच! पुढे २०२० साली ॲपलने मोठ्या पाटीसाठी जे कळांचे आवरण काढले त्याची किंमत त्यांच्याच सर्वांत स्वस्त अख्ख्या आयपॅडहून जास्त होती. कारखान्यात हत्यारे मालकाने द्यायची असतात. येथे पाटी घेणाराच कामगार, आणि लिहिण्याचे हत्यार त्याने आपल्या खिशातून आणायचे.

सर्वांत बोलका दाखला मार्च २०१४चा आहे. मायक्रोसॉफ्टने आपले लिहिण्याचे आणि हिशेबाचे कार्यक्रम आयपॅडवर आणले. अट अशी : वाचणे फुकट, लिहायला वर्गणी. ती अट त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सैल झाली, पण २०१५ साली मोठा आयपॅड आला तेव्हा त्याला ती पुन्हा लागू झाली. १०.१ इंचांपर्यंतच्या काचेवर लिहिणे फुकट, त्याहून मोठ्या काचेवर पैसे द्या! वाचक कोठे संपतो आणि लेखक कोठे सुरू होतो ही सीमा इंचांत मोजलेली आम्ही तेवढीच पाहिली.

हे सारे आम्ही पुस्तकी म्हणून सांगत नाही. २०२४ साली एका कारखान्यात तीन वर्षांचा करार चालू होता. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही; कामगार २१२. महागाई भत्ता दर अंशास पाच रुपये, आणि अंश मोजायचे जुन्या, म्हणजे २००१ पायाच्या निर्देशांकावर, अशी जुनी पद्धत. सरकारचा निर्देशांक २०२० सालापासून २०१६ पायावर येतो. जुन्यात आणायचा तर त्याला २.८८ ने गुणावे लागते. व्यवस्थापनाने मसुदा आणि त्याचा तक्ता ईमेलने पाठवला. आम्ही पाटीवर उघडला. काचेवर तक्ता सुरेख दिसला. आकडे स्वच्छ, बेरजा जुळलेल्या. बोटाने मोठे करून पाहिले. समेट अधिकाऱ्यांपुढे व्यवस्थापनाचे गृहस्थ लॅपटॉप उघडून बसले होते. आम्ही एखादा शब्द बदला म्हटले की ते तेथल्या तेथे बदलीत. आमच्या हातात पाटी होती. आम्ही मान हलवीत होतो. सह्यांची तारीख पुढच्या आठवड्यातली ठरली.

त्या रात्री आमच्या उपाध्यक्षांच्या घरी जेवायला होतो. त्यांची मुलगी बी.कॉम.ला. तिने सहज तो तक्ता आपल्या लॅपटॉपवर उघडला आणि म्हणाली, "काका, उत्तर काय बघत बसलात? सूत्र बघा ना." तिने चौकोनावर टिचकी मारली. सूत्रात २.८८च्या जागी २.८ होते. १३९ निर्देशांकावर हा फरक अकरा अंशांचा होतो. माणशी महिना पंचावन्न रुपयांच्या वर. २१२ माणसांचे पावणेबारा हजारांच्या आसपास, आणि तीन वर्षांचे सव्वाचार लाख. पानावरचे जेवण तसेच राहिले. टंकलेखनाची चूक होती की चतुराई, ह्यावर आम्ही बोलणार नाही; दाखवताच दुरुस्ती झाली, आणि अधिकाऱ्यांसमोर झाली. आमची शरम मात्र आमच्यापाशी राहिली. तीस वर्षे आम्ही पोरांना सांगत आलो की, मसुदा ज्याचा त्याचा करार. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचे निवेदन केले, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. सह्या आणि अंगठे कामगार पूर्वीही देत होता, पण दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर. ह्या वेळी कागद त्याच्या बाजूच्या माणसाने लिहिला होता. हे आम्ही अभ्यासवर्गात घसा फोडून सांगतो, आणि आम्हीच दुसऱ्याचा कागद नुसता वाचीत बसलो.

नंतर शोध केला तेव्हा कळले की, त्याच पाटीवर दुसरा कार्यक्रम घातला असता तर सूत्र दिसले असते. आम्ही उघडला तो नुसता दाखवणारा होता. म्हणजे काचेवर आळ घेता येत नाही. पण पाटीवर कागद आपोआप उघडतो तो बहुधा दाखवण्यासाठी, लॅपटॉपवर उघडतो तो बहुधा बदलण्यासाठी. आणि थकलेला माणूस समोर जे आपोआप उघडेल तेच बघतो.

इतके झाल्यावर आम्ही पाटी कपाटात टाकली असेल असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. गेट मीटिंगला लॅपटॉप घेऊन उभे राहता येत नाही. पाटी डाव्या हातावर धरून कायद्याचे कलम वाचून दाखवता येते आणि मागून चौघे डोकावू शकतात. एसटीत दोनशे पानांचे निकालपत्र वाचायला तिच्यासारखे साधन नाही. पगाराच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे जागेवर घेता येतात. आणि एक गोष्ट आम्हांला अनुभवाने कळली. कामगाराच्या घरी गेलो आणि लॅपटॉप उघडला की मधे झाकण उभे राहते. समोरची बाई सावरून बसते, जणू पंचनामा चालला आहे. पाटी दोघांच्या मधे सतरंजीवर आडवी ठेवता येते. ती आपल्या बाजूने बोट लावते, आम्ही आमच्या. अर्ज दोघे मिळून भरतो.

लिहिण्याचा प्रश्न मात्र वर्षभर छळत होता. काचेवरच्या कळांवर मराठी लिहिताना जोडाक्षराला दोन बोटे आणि तीन उसासे लागतात. २०१७ पासून गूगलच्या कळांत मराठी बोलून लिहिण्याची सोय आहे. ती आम्ही वापरतो, पण 'संप' म्हटले की ती दोनदा 'सांप' लिहिते आणि व्यवस्थापनाला तसे पत्र जाऊन चालत नाही. शेवटी तारेवाचून चालणाऱ्या कळा घेतल्या. तर पाटी उभी कशावर करायची? टेकूची आवरणे टेबलासाठी केलेली. आम्ही मांडी घालून लिहिणारी माणसे, मांडीवर ती घसरतात. तोडगा माळ्यावर सापडला. पेढीवरच्या दिवाणजीपुढे असते तसले उतरते लाकडी डेस्क आमच्या कचेरीत जुन्या काळापासून पडून होते. त्याच्या खालच्या कडेला पट्टी असते, कागद घसरू नये म्हणून. पाटी त्या पट्टीला टेकून बरोबर उभी राहते. कळा पुढ्यात, खाली खणात तार. झेरॉक्सच्या संशोधनशाळेला जे जमले नाही ते एका अनाम सुताराने आधीच करून ठेवले होते, असे आम्ही म्हणतो आणि पोरे हसतात.

आणखी एक अडचण कायमची आहे. १९९५ ते २०१०च्या दरम्यानचे आमचे करार त्या वेळच्या छपाईच्या निरनिराळ्या मराठी टंकांत आहेत. युनिकोडच्या आधीचे ते टंक पाटीवर नाहीत, म्हणून उघडले की नुसती किड्यामुंग्यांची रांग दिसते. पंधरा वर्षांची कमाई तीत अडकली आहे. ते सारे कागद आता छापील प्रतींवरून नव्याने लिहून काढण्याचे काम दोन मुले करीत आहेत. पाटीवर नव्हे.

गेल्या दिवाळीआधी कार्यकारिणीत खरेदीचा विषय आला. खजिनदारांचे म्हणणे, चार पाट्या घ्या, स्वस्त पडतात. दीड तास चर्चा झाली. ठरले ते असे : फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना दोन पाट्या, कचेरीत एक लॅपटॉप, आणि लॅपटॉप चालवायला कोणा एकाला न नेमता पाळीने सर्वांनी शिकायचे. उपाध्यक्षांच्या मुलीला शनिवारी शिकवायला बोलावले आहे. पहिल्या शनिवारी अकरा जण आले. त्यात पॅकिंग खात्यातल्या चार बाया होत्या. तक्त्यातली सूत्रे त्यांना आमच्याहून लवकर येऊ लागली आहेत.

हे व्याख्यानही आम्ही त्या उतरत्या डेस्कावर, पाटीवर लिहिले. छापखान्याकडे पाठवले तर तेथून फोन आला की, आमच्याकडे हे उघडते, पण जुळणी जुन्या टंकात करावी लागेल, तेव्हा लॅपटॉपवर बदलून पाठवा. पाळी त्या दिवशी खजिनदारांची होती.